सहस्रचंद्रदर्शनाची स्मरणिका: एआयकडून काय करून घ्यावं, काय नको

एकसष्टीच्या किंवा सहस्रचंद्रदर्शनाच्या स्मरणिकेसाठी आमच्या छापखान्यात येणारा मजकूर आता बऱ्याचदा चॅटजीपीटी किंवा जेमिनीने लिहिलेला असतो. त्याला आमची हरकत नाही. पण "बाबांच्या ८१व्या वाढदिवसासाठी लेख लिही" एवढंच सांगितलं, की कुणाच्याही बाबांना चालेल असा लेख हाती येतो. कष्टाळू, प्रेमळ, प्रेरणादायी जीवनप्रवास वगैरे. एआयला लेखक करू नका, लेखनिक करा.

कच्चा माल तुमचाच हवा

बाबांना बोलतं करा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. एका बैठकीला २० ते ३० मिनिटं आणि एकच विषय: शाळा, पहिली नोकरी किंवा गाव सोडलं ते वर्ष. मग ते व्हॉइस टायपिंगने मजकुरात उतरवा. अशा बोलून टाइप केलेल्या मजकुरात विरामचिन्हं सहसा नसतात आणि गावांची, माणसांची नावं हमखास चुकतात. ती आधी हाताने दुरुस्त करा, मग मजकूर एआयला द्या. उलट क्रमाने केलंत तर चुकीचं नाव नेटक्या वाक्यात जाऊन बसतं आणि मुद्रितशोधनातही डोळ्याला खुपत नाही.

एका वेळी ५००-६०० शब्दच द्या. जास्त दिले की मधले प्रसंग गळू शकतात आणि त्यांच्या जागी गुळगुळीत वाक्यं येऊ शकतात. सूचना साधारण अशी असावी:

"खालचे प्रसंग काळाच्या क्रमाने लाव. नवं काही घालू नकोस. वर्ष, नाव किंवा ठिकाण दिलेलं नसेल तिथे रिकामी जागा सोड. बोलीतले शब्द बदलू नकोस. ४५० शब्दांत बसव."

बोलीची सूचना गाळू नका. नाहीतर "आमी लई हिंडलो"चं "आम्ही पुष्कळ भ्रमंती केली" होतं, आणि घरचे लोक वाचताना हसतात.

ए-५ आकाराच्या पानावर १२ पॉइंटमध्ये साधारण २२० ते २५० शब्द मावतात, म्हणजे वरचा लेख दोन पानांचा झाला. सेंटर पिनच्या (मधोमध पिना मारलेल्या) पुस्तिकेची पानं ४च्या पटीत लागतात. त्यामुळे कोणत्या लेखाला किती पानं, हे आधी ठरवलंत तर शेवटी काटछाट कमी होते.

नाती आणि तिथ्या

परदेशातली नातवंडं आठवणी इंग्रजीत पाठवतात. 'अंकल'चा काका करायचा की मामा, 'नेफ्यू' म्हणजे पुतण्या की भाचा, हे इंग्रजी मजकुरावरून एआयला कळत नाही. मग ते अंदाज करतं, आणि पहिल्या परिच्छेदातला मामा तिसऱ्यात काका होतो. भाषांतर करून घेण्याआधी नात्यांची यादी द्या: "माई म्हणजे बाबांची मोठी बहीण, माझी आत्या."

तिथी मात्र एआयकडून काढून घेऊच नका. हिंदी मजकुराच्या वळणाने विक्रम संवत येतो, शिवाय उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो. आपली माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्र तिकडे फाल्गुन कृष्ण चतुर्दशीला असते. पंधरवडा तोच, महिन्याचं नाव वेगळं. जन्मतिथी त्या वर्षीच्या पंचांगातूनच घ्या. शके स्वतः काढता येतो: पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी इसवी सनातून ७८ वजा करा, जानेवारी ते पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९.

फोटो

जुना फोटो एआयने "स्वच्छ" करून घेतला की ओरखडे जातात, पण अनेकदा चेहराही बदलतो. डोळे मोठे होतात, ठसठशीत कुंकवाची टिकली होते, नऊवारीचा काष्टा नाहीसा होतो. मूळ फोटो ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून आणा. ४ बाय ६ इंचाच्या फोटोचे २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात आणि ए-५चं पूर्ण पान सहज भरतं. ओरखडे आम्ही हाताने काढू.

मुखपृष्ठाचं चित्र एआयने केलेलं असेल तर त्याचे पिक्सेल पाहा. १०२४ पिक्सेलचं चौकोनी चित्र ३०० डीपीआयला जेमतेम ८.७ सेंटिमीटर छापलं जातं. ए-५साठी १७४८ बाय २४८० लागतात, त्यावर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे छपाईनंतर कापली जाणारी जादा किनार. चित्रात अक्षरं घालायला सांगू नका. जोडाक्षरं अनेकदा बिघडतात आणि चित्रातलं अक्षर नंतर दुरुस्त करणं कटकटीचं असतं. शीर्षक आम्ही टाइप करू. पडद्यावरचा झगझगीत निळा, पोपटी छपाईत थोडा मंद उतरतो, तेही लक्षात असू द्या.

आमच्याकडे पाठवताना

मजकूर वर्ड फाइलमध्ये द्या, स्क्रीनशॉट नको. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ते आकसतात. एआयमधून कॉपी केलेल्या मजकुराबरोबर तारकांची चिन्हं (*) येतात, क्वचित हिंदीतला पूर्णविरामाचा दंडही (।). दोन्ही शोधून काढून टाका. युनिकोड मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलताना 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्य तुटू शकतो. प्रूफ हातात आल्यावर आधी तोच बघा, मग सगळी नावं, मग आकडे. आजारपणाचे तपशील, आधार क्रमांक, घरचा पत्ता एआयला देऊ नका. स्मरणिकेला त्यांची गरज नसते. प्रूफवर सही झाल्यावर सापडलेल्या चुकीसाठी छपाईची नवीन प्लेट लागते आणि तिचा खर्च बिलात येतो.