मनगटावर की छातीवर?

फिटनेस बँड घ्यावा की छातीला बांधायचा हार्ट रेट मॉनिटर, हा प्रश्न निघाला की बोलणं लगेच बॅटरी, स्क्रीन आणि ॲपवर जातं. मुळातला फरक मात्र वेगळाच आहे. दोन्ही उपकरणं ‘मिनिटाला इतके ठोके’ असा एकच आकडा दाखवतात, पण तो मिळवतात दोन निराळ्या वाटांनी.

चालू बँड काढून उलटा धरला, तर मागे हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषतं. ठोक्यासरशी मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढलं, की परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. शेजारचा सेन्सर हा चढउतार टिपतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. या तंत्राचं नाव फोटोप्लेथिस्मोग्राफी, सुटसुटीत रूप पीपीजी. दवाखान्यात बोटाला लावतात तो ऑक्सिमीटरही याच तत्त्वावर चालतो, फक्त तिथे लाल आणि अवरक्त प्रकाश वापरतात.

छातीचा पट्टा प्रकाशाच्या भानगडीत पडत नाही. हृदयाचा स्नायू आकुंचन पावण्याआधी त्यातून विजेची लहर जाते. त्वचेपर्यंत ती पोचते तेव्हा जेमतेम मिलिव्होल्टभर उरलेली असते, पण पट्ट्यातल्या इलेक्ट्रोडना तेवढी पुरते. म्हणजे ही ईसीजीचीच साधी आवृत्ती. ईसीजीच्या शोधासाठी विलेम आइंटहोव्हन यांना १९२४ साली नोबेल मिळालं. बिनतारी पट्टा मात्र १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडच्या पोलर कंपनीने बाजारात आणला, तोही खेळाडूंसाठी.

शांत बसलेल्या माणसाच्या बाबतीत दोघांचे आकडे बहुधा जुळतात. गडबड होते ती हालचाल सुरू झाल्यावर. धावताना हात झुलतो, बँड त्वचेवर सरकतो, आतलं रक्तही हिंदकळतं. प्रकाशातला जो बदल नाडीमुळे व्हायला हवा, तो पावलांमुळेही व्हायला लागतो. धावणाऱ्याची मिनिटाला साधारण १६० ते १८० पावलं पडतात. जोरात धावताना हृदयाचे ठोकेही त्याच आकड्यांच्या दरम्यान येऊ शकतात, त्यामुळे दोन्ही लयी वेगळ्या काढणं अवघड होऊन बसतं. कधीकधी बँड पावलंच मोजतो आणि ते ठोके म्हणून दाखवतो. आरामात, गप्पा मारत धावताना १७० आकडा दिसला, तर घाबरण्याआधी पावलं मोजून बघावीत.

वजनं उचलतानाची अडचण वेगळी. मूठ घट्ट आवळली की मनगटाचे स्नायू ताणले जातात आणि तिथला रक्तप्रवाह बदलतो. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, मग सेन्सरला दिसण्याजोगं फारसं उरतच नाही. गडद टॅटूही प्रकाश अडवतो. शिवाय आकडा स्थिर दिसावा म्हणून बँड काही सेकंदांची सरासरी काढतो. अर्ध्या मिनिटाची जोरदार धाव आणि मग विश्रांती असा व्यायाम असेल, तर बँडवरचा आकडा वर चढेपर्यंत तुम्ही विश्रांतीला लागलेले असता. पट्टा इथे सरळ सरळ बाजी मारतो. दोन ठोक्यांमधलं अंतर तो मिलिसेकंदांत देतो. अर्थात त्याचेही नखरे आहेत: इलेक्ट्रोड कोरडे असतील तर पहिली काही मिनिटं आकडे वेडेवाकडे येतात, म्हणून बांधण्याआधी ते पाण्याने ओले करायचे.

मग बँड कशाला घ्यायचा? कारण पट्टा बांधून कोणी झोपत नाही. विश्रांतीतले ठोके महिनाभरात हळूहळू उतरले का, आजारपणात चढले का, हे दिवसरात्र अंगावर राहणारं उपकरणच सांगू शकतं. तिथे एखादा ठोका चुकला तरी बिघडत नाही, कल महत्त्वाचा. पावलंही बँडच मोजतो, पण हाताच्या हालचालीवरून. ट्रॉलीचा दांडा धरून चाललात तर बरीचशी पावलं हिशेबातून निसटतात.

कॅलरींच्या आकड्यावर मात्र माझा अजिबात विश्वास नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावरची सात उपकरणं तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सहांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. पट्टा घेतला तरी हा प्रश्न पुरता सुटत नाही, कारण ठोक्यांवरून कॅलरी काढणं हा शेवटी अंदाजच. ‘२२० वजा वय’ हे कमाल ठोक्यांचं सूत्रही तसंच, सरासरी माणसासाठीचं. तुमचा खरा आकडा दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे सहज असू शकतो. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके औषधानेच कमी राहतात, त्यांनी व्यायामाची पातळी डॉक्टरांनाच विचारावी.

चालणं, झोप आणि एकूण तब्येतीकडे लक्ष ठेवायचं असेल तर बँड पुरे. इंटरव्हल, म्हणजे जोरदार धाव आणि विश्रांती आलटूनपालटून, करत असाल किंवा ठोक्यांच्या ठरावीक टप्प्यांनुसार सराव आखत असाल, तर छातीचा पट्टा घ्या. अनेक स्पोर्ट्स वॉच ब्लूटूथवरून त्याच्याशी जोडता येतात. छातीला काही बांधणं सहनच होत नसेल, तर दंडावर बांधायचा प्रकाशाचा सेन्सर मिळतो. दंड मनगटापेक्षा मांसल आणि कमी हलणारा, त्यामुळे तिथले आकडे सहसा जास्त भरवशाचे येतात.