पार्श्वभूमी: प्रोग्रामचा वेग भाषेच्या कोणत्या नियमांवर ठरतो?

सोलापुरात जॅकार्ड मागावर चादर विणताना नक्षी मागावर ठरत नाही. पत्त्याला छिद्रं पाडतानाच ती ठरलेली असते: छिद्र असेल तर उभा धागा उचलला जातो, नसेल तर खाली राहतो. प्रोग्रामिंगच्या भाषांमधला वेगाचा प्रश्नही असाच आहे. काय आधी ठरवायचं आणि काय प्रोग्राम चालताना?

कंस, अर्धविराम, इंडेंटेशन यांना उगाच दोष दिला जातो. १९५७ मध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम ७०४ साठी आणलेल्या फोर्ट्रान या भाषेत मोकळ्या जागेला अर्थच नव्हता, त्यामुळे ओळ वाचताना कंपायलरला (प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्रास व्हायचा. पण तो एकदाच. चालताना त्याची झळ लागत नाही.

खरा खर्च भाषा कशाची हमी देते यात असतो. सी भाषेत फंक्शनला दोन पॉइंटर (मेमरीतली जागा दाखवणारे) दिले, एक ॲरेचा (आकड्यांच्या रांगेचा) आणि एक दराचा, तर दोन्ही एकाच जागेकडे बोट दाखवत असण्याची शक्यता कंपायलरला गृहीत धरावी लागते. मग ॲरेत लिहिणाऱ्या लूपच्या प्रत्येक फेरीत प्रोग्राम दर मेमरीतून पुन्हा वाचतो. फोर्ट्रानचा नियम असं आच्छादन मान्यच करत नाही, म्हणून दर रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्याच जलद जागेत, राहतो. सी ला ही सोय १९९९ च्या मानकातल्या 'रिस्ट्रिक्ट' या शब्दाने मिळाली: आच्छादन नाही, अशी हमी त्यातून प्रोग्रामर देतो. मात्र हमी खोटी दिली तर ऑप्टिमायझेशन (कंपायलरने वेगासाठी केलेले बदल) चालू करताच उत्तर चुकू शकतं, आणि ही चूक शोधताना दिवस जातात.

पायथनमध्ये तर मूल्याचा प्रकारच (पूर्णांक, मजकूर वगैरे) चालताना कळतो. चादरींच्या बिलांची बेरीज लूपमध्ये केली, तर प्रत्येक अधिक चिन्हापाशी दोन्ही बाजूंचे प्रकार तपासायचे, योग्य बेरीज शोधायची, उत्तरासाठी नवी वस्तू बनवायची. ६४ बिटी सीपायथनमध्ये, म्हणजे पायथनच्या नेहमीच्या रूपात, लहान पूर्णांकालाही सहसा २८ बाइट लागतात. सी मध्ये ४ किंवा ८. २०२२ च्या ३.११ आवृत्तीपासून वारंवार येणारी पूर्णांकांची बेरीज खास सूचनेने होते, तरी प्रकाराची तपासणी उरतेच.

म्हणून आकड्यांचे मोठे स्तंभ नमपाय या पायथनच्या लायब्ररीकडे द्यावेत: प्रकार एकदाच ठरतो, लूप सी मध्ये फिरतो. स्तंभात एखादी रिकामी नोंद शिरली आणि प्रकार 'ऑब्जेक्ट' झाला, की वेग गेला. आधी डीटाइप, म्हणजे स्तंभाचा प्रकार, तपासा. दुसरं, पायथनचा पूर्णांक हवा तेवढा वाढतो, पण नमपायच्या ६४ बिटी पूर्णांकांची बेरीज मर्यादा ओलांडून गेली तर इशारा न देता उणे आकडा हाती येऊ शकतो.