डिव्हिजन आली, पेनंट गेलं: जायंट्सचा २०२१चा मोसम आणि दोन वेगळी ‘विजेतेपदं’

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. सकाळी उठून फोन पाहिला तर सॅन होजेत राहणाऱ्या, सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या अमेरिकी बेसबॉल संघाच्या नादी लागलेल्या भाच्याचे पहाटे साडेतीनच्या सुमाराचे मेसेज रांगेने पडलेले. शेवटचा होता, ‘मामा, आम्ही वेस्ट जिंकली!!’ मी लगेच अभिनंदन कळवलं आणि वर विचारलं, ‘कप कधी मिळणार?’ उत्तरादाखल आला कपाळावर हात मारलेला इमोजी. मागोमाग एक ओळ: ‘अरे मामा, डिव्हिजन जिंकली. पेनंट अजून कुठे!’

घोळ माझा एकट्याचा नाही, असं मी स्वतःला समजावतो. मराठीत या दोन्ही गोष्टींना आपण बिनदिक्कत ‘विजेतेपद’ म्हणतो, आणि ‘लीग’ या शब्दाने गोंधळात भर पडते. आपल्याकडे लीग म्हणजे अख्खी स्पर्धा, मग ती आयपीएल असो की गल्लीतली टेनिस बॉलची. मेजर लीग बेसबॉलमध्ये मात्र ३० संघ दोन लीगमध्ये वाटलेले आहेत, नॅशनल आणि अमेरिकन. प्रत्येकीत १५ संघ, आणि त्या १५ जणांच्या पुन्हा तीन डिव्हिजन: ईस्ट, सेंट्रल, वेस्ट. म्हणजे डिव्हिजन जिंकणारा पाच जणांत पहिला येतो. पेनंट जिंकणारा पंधरा जणांतून शेवटी एकटा उरतो आणि वर्ल्ड सिरीजला जातो. ‘लीग चॅम्पियन’ म्हणतात तो हा दुसरा. वर्ल्ड सिरीज ही तिसरी आणि शेवटची पायरी. तिच्याबद्दल सहसा कोणाचा गैरसमज होत नाही, म्हणून ती इथे बाजूला ठेवतो.

पेनंट म्हणजे मुळात निमुळतं, त्रिकोणी निशाण. आपला ‘पताका’ हा शब्द त्याला चपखल बसतो. गंमत अशी की डिव्हिजन जिंकली तरीही मैदानावर फडकवायला निशाण मिळतं, पण त्याला कोणी पेनंट म्हणत नाही.

दोन्हींतला खरा फरक संघांच्या संख्येचा नाही, मोजमापाचा आहे. डिव्हिजन ठरते साध्या सत्रात, १६२ सामन्यांत. एप्रिल ते सप्टेंबर, जवळजवळ रोज सामना. पेनंट ठरतं ऑक्टोबरात, बाद फेरीच्या छोट्या मालिकांमध्ये. एक वर्षभराच्या हजेरीवर मिळते आणि दुसरं तोंडी परीक्षेवर.

सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा २०२१चा मोसम हजेरीचा विक्रम होता. सत्राआधीचे संगणकी अंदाज त्यांना पंचाहत्तरच्या आसपास विजय देत होते. शेजारी लॉस एंजेलिस डॉजर्स. त्यांनी २०१३ ते २०२० अशी सलग आठ वर्षं नॅशनल लीग वेस्ट जिंकलेली, आदल्याच वर्षी वर्ल्ड सिरीजही जिंकलेली. मॅनेजर गेब कॅप्लरच्या जायंट्सनी १०७ सामने जिंकले. १९०४ मध्ये, संघ न्यूयॉर्कला असताना, १०६ विजय मिळाले होते. तो क्लबचा विक्रम ११७ वर्षांनी मोडला. मोसमात २४१ होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर, आपला षटकारच म्हणा), हाही क्लबचा विक्रम. बस्टर पोझी, ब्रँडन क्रॉफर्ड, ब्रँडन बेल्ट ही जुनी मंडळी, ज्यांना बरेच जण उतरणीला लागलेले समजत होते, तीच पुढे होती.

आणि डॉजर्स? १०६. पाच जणांच्या घरात एका सामन्याचा फरक, तोही शेवटच्या दिवशी ठरलेला.

सप्टेंबरात भाच्याच्या तोंडी एक ‘मॅजिक नंबर’ सतत असायचा. हिशेब सोपा आहे. १६३ मधून आपल्या संघाचे विजय वजा करायचे, मग पाठलाग करणाऱ्या संघाचे पराभव वजा करायचे. शून्य आलं की डिव्हिजन पक्की. ३ ऑक्टोबरच्या सकाळी जायंट्सचे विजय १०६ आणि डॉजर्सचे पराभव ५६, म्हणजे आकडा १. त्या दुपारी जायंट्सनी सॅन डिएगो पॅड्रेसला ११-४ हरवलं. पिचर लोगन वेबने चेंडू तर टाकलेच, वर स्वतः होम रनही मारला. तिकडे डॉजर्सही जिंकले, पण उपयोग शून्य. जायंट्स हरले असते तर दोघं १०६ वर बरोबरीत येऊन दुसऱ्या दिवशी १६३वा सामना खेळावा लागला असता. २०२२पासून ही पद्धत बंद झाली. आता बरोबरी झाली की आपसातले निकाल आधी बघतात. मला विचाराल तर चांगली भानगड घालवली.

असा मॅजिक नंबर पेनंटला नसतो. तिथे पाठलाग नाही, तक्ता नाही. समोरच्याला हरवा, नाहीतर घरी जा.

आता ऑक्टोबर. १०६ सामने जिंकलेले डॉजर्स डिव्हिजनमध्ये दुसरे, म्हणून त्यांना वाइल्ड कार्डच्या, म्हणजे डिव्हिजन न जिंकलेल्या चांगल्या संघांसाठी ठेवलेल्या, दारातून यावं लागलं. ६ ऑक्टोबरला सेंट लुइस कार्डिनल्सशी एकच सामना, हरलात तर खेळ खलास. नवव्या डावात ख्रिस टेलरच्या होम रनने ते ३-१ असे वाचले आणि पाच सामन्यांच्या मालिकेत जायंट्ससमोर उभे राहिले. दोघं दोन-दोन सामने जिंकून पाचव्याला पोचले तेव्हा सत्र आणि बाद फेरी मिळून दोघांचेही एकूण विजय १०९ होते. अशी जुळवाजुळव कादंबरीकाराने केली असती तर आपण नाकं मुरडली असती.

पाचवा सामना भारतात दसऱ्याच्या सकाळी पडला. मी दाराला तोरण बांधता बांधता मोबाइलवर धावसंख्या बघत होतो. १-१ अशी बरोबरी असताना नवव्या डावात डॉजर्सच्या कोडी बेलिंजरच्या फटक्यावर दुसरी धाव आली. जायंट्सच्या शेवटच्या डावात डॉजर्सनी मॅक्स शर्झरला आणलं. हा एरवी सामना सुरू करणारा, तीन वेळा साय यंग, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम पिचरचा, पुरस्कार मिळवलेला पिचर. बॅट अर्धवट फिरवून विल्मर फ्लोरेसने आवरती घेतली, पण पहिल्या बेसच्या अंपायरने स्विंग पूर्ण झाल्याचा हात केला. तिसरा स्ट्राइक, म्हणजे बाद. रिप्लेत बॅट गेलेली दिसत नव्हती. मात्र अर्धवट स्विंगवर दाद मागायची सोय त्या वेळच्या रिव्ह्यूच्या नियमात नव्हती. २-१. जायंट्सचा मोसम तिथे संपला. आपसातल्या २४ सामन्यांचा हिशेब १२-१२.

डिव्हिजन मात्र कोणी काढून घेतली नाही. नोंदवहीत आजही लिहिलेलं आहे: नॅशनल लीग वेस्ट, २०२१, सॅन फ्रान्सिस्को. पेनंट गेलं अटलांटा ब्रेव्हजकडे. त्यांनी सत्रात जिंकले होते ८८ सामने, म्हणजे जायंट्सपेक्षा १९ कमी, आणि पुढे वर्ल्ड सिरीजही तेच जिंकले.

याच संघाचं २०१४ समोर ठेवलं की दोन्ही गोष्टी आरशासारख्या उलट दिसतात. त्या साली जायंट्सनी ८८ सामने जिंकले आणि डिव्हिजनमध्ये डॉजर्सच्या सहा सामने मागे राहिले. डिव्हिजन नाही. वाइल्ड कार्डचा एकुलता सामना पिट्सबर्गला ८-० असा काढला. मॅडिसन बमगार्नरने पूर्ण सामना एकट्याने टाकला. वॉशिंग्टनला मालिकेत हरवताना एक सामना १८ डाव चालला. मग सेंट लुइसविरुद्ध पाचव्या सामन्यात ट्रॅव्हिस इशिकावाच्या तीन धावांच्या होम रनने पेनंट आलं, आणि महिनाअखेर कॅन्सस सिटीला सातव्या सामन्यात हरवून वर्ल्ड सिरीजही. पोझी, क्रॉफर्ड आणि बेल्ट या संघातही होते. तीच तिघं: एकदा पेनंट मिळालं आणि डिव्हिजन नाही, दुसऱ्यांदा डिव्हिजन मिळाली आणि पेनंट नाही.

असं का होतं, याचं उत्तर पिचरच्या खांद्यात आहे. १६२ सामन्यांना पाच-पाच जण आळीपाळीने सामना सुरू करायला लागतात, वर राखीव फौज, दुखापतीत भागवून घेणारे खेळाडू. जायंट्सची ताकद तीच होती, खोली. ऑक्टोबरात मध्ये सुट्टीचे दिवस येतात, त्यामुळे दोन-तीन उत्तम पिचरांवर भागतं, आणि शेवटच्या डावाला शर्झरसारख्याला आणता येतं. खोलीचा भाव तिथे उतरतो. बमगार्नरसारखा एकच खांदा २०१४ मध्ये अख्खा महिना ओढून नेऊ शकला, एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत नेऊ शकला नसता. बेल्टचा अंगठा २०२१च्या सप्टेंबरअखेर मोडला. सत्राच्या हिशेबात त्याने फारसं बिघडलं नाही, पाच सामन्यांच्या मालिकेत त्याची जागा जाणवली.

‘पेनंट’ हा शब्द जुना, पण त्याचा अर्थ मधल्या काळात सरकला. १९६९पूर्वी डिव्हिजन नव्हत्याच. लीगचा एकच तक्ता, त्यात जो पहिला त्याचं पेनंट, आणि तो थेट वर्ल्ड सिरीजला. म्हणजे तेव्हाचं पेनंट स्वभावाने आजच्या डिव्हिजनसारखं होतं, हजेरीवर मिळणारं. बेसबॉलमधला सगळ्यात गाजलेला फटका घ्या. १९५१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स ऑगस्टच्या मध्याला ब्रुकलिन डॉजर्सच्या (आजचे लॉस एंजेलिसवालेच) सुमारे १३ सामने मागे होते. तिथून ते चढत चढत बरोबरीला आले, दोघंही ९६ विजय, ५८ पराभव. मग तीन सामन्यांची निकाली मालिका, आणि तिसऱ्या सामन्याच्या शेवटच्या डावात राल्फ ब्रँकाच्या चेंडूवर बॉबी थॉमसनचा होम रन. ‘जायंट्सनी पेनंट जिंकलं’ हे वाक्य समालोचक रस हॉजेस बेंबीच्या देठापासून पुन्हा पुन्हा ओरडला. ते ध्वनिमुद्रण अमेरिकेत अजून वाजतं. तक्त्यातली बरोबरी फोडून मिळालेलं ते पेनंट. मोजायच्या पद्धतीने पाहिलं तर थॉमसनच्या पेनंटचं नातं इशिकावाच्या पेनंटपेक्षा २०२१च्या डिव्हिजनशी जवळचं आहे. थॉमसनच्या फटक्याची तारीख होती ३ ऑक्टोबर. बरोबर ७० वर्षं.

हीच तारीख जायंट्सच्या माणसाला १९९३मुळे झोंबते. तेव्हा लीगमध्ये दोनच डिव्हिजन होत्या, वाइल्ड कार्ड नव्हतं, आणि भूगोलाला न जुमानता अटलांटा ‘वेस्ट’मध्ये होतं. ३ ऑक्टोबर १९९३ला डॉजर्सनी जायंट्सना १२-१ असं धुतलं. जायंट्स १०३ विजय, अटलांटा १०४. १०३ सामने जिंकून बाद फेरी नाही! पुढच्या साली तीन डिव्हिजन आणि वाइल्ड कार्ड लागू झालं, पण त्या मोसमात खेळाडूंचा संप झाला, म्हणून प्रत्यक्षात ते १९९५ला खेळलं गेलं.

अटलांटाचा हिशेब तर दोन्हींतली दरी एका ओळीत सांगतो. १९९१ ते २००५ या काळात, संपाचं १९९४ सोडून, त्यांनी सलग १४ डिव्हिजन जिंकल्या. पेनंट पाच. वर्ल्ड सिरीज एक. २००१च्या सिएटल मरिनर्सनी ११६ सामने जिंकले आणि पेनंट न्यूयॉर्क यांकीजना देऊन बसले. उलट टोकाला १९७३चे न्यूयॉर्क मेट्स: ८२ विजय, ७९ पराभव, आणि पेनंट खिशात.

आपल्या ओळखीचं उदाहरण हवं असेल तर त्याच दसऱ्याच्या संध्याकाळचं घ्या. दुबईत २०२१च्या आयपीएलचा अंतिम सामना होता, चेन्नई विरुद्ध कोलकाता. तक्त्यात पहिली होती दिल्ली, आणि ती अंतिम सामन्यात नव्हतीच. पहिल्या क्वालिफायरमध्ये चेन्नईकडून पुण्याच्या ऋतुराज गायकवाडच्या ७० धावा आणि दुसऱ्यात महाराष्ट्राकडून रणजी खेळणाऱ्या राहुल त्रिपाठीने अश्विनला शेवटून दुसऱ्या चेंडूवर मारलेला षटकार, अशा दोन्ही वेळा दिल्लीचं नाव कापलं गेलं. पण तुलना इथवरच ताणायची. दिल्लीच्या पहिल्या क्रमांकाला कोणी विजेतेपद म्हटलं नाही, त्याचं निशाण कुठे लागलं नाही. जायंट्सच्या ड्रेसिंग रूममध्ये ३ ऑक्टोबरला शॅम्पेन उडाली, टोप्या-टीशर्ट वाटले गेले.

मिरवण्यापलीकडे व्यवहारातही डिव्हिजनला वजन आहे. ८८ विजयांचा अटलांटा आणि १०६ विजयांचे डॉजर्स पेनंटसाठी समोरासमोर आले तेव्हा घरच्या मैदानाचा लाभ अटलांटाला होता, कारण ते डिव्हिजनचे विजेते होते आणि डॉजर्स नव्हते. अटलांटाने ती मालिका सहाव्या सामन्यात घरीच संपवली. २०२२पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ पुढे जातात. तीन डिव्हिजन विजेत्यांपैकी चांगल्या कामगिरीच्या दोघांना पहिली फेरी माफ, तिसऱ्याला मात्र वाइल्ड कार्डवाल्यांबरोबर तीन सामन्यांची मालिका खेळावी लागते.

एक मात्र खटकतं. डिव्हिजनचा विजेता किती मोठा, हे त्याच्या शेजाऱ्यांवर अवलंबून असतं. २०२१ मध्ये संघाचे १६२ पैकी ७६ सामने आपल्याच डिव्हिजनमधल्या चौघांशी व्हायचे. २०२३पासून ते ५२ वर आले. शेजाऱ्यांच्या याच फरकापायी पॅड्रेस २००५ मध्ये ८२ विजयांवर वेस्ट जिंकले, आणि २०२१ मध्ये टोरंटो ब्लू जेज ९१ जिंकून घरी बसले.

बातमी वाचताना मी आता आधी तारीख बघतो. सप्टेंबर किंवा ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन दिवस असतील आणि खेळाडू शॅम्पेनने न्हालेले असतील तर ती डिव्हिजन. ऑक्टोबरचा तिसरा-चौथा आठवडा असेल तर पेनंट. २०२१ साली अटलांटाला ते २३ ऑक्टोबरला मिळालं. त्या दिवशी भाच्याला मेसेज करायचा मोह मी टाळला.