पार्श्वभूमी : ‘कॉमेडी प्लेहाऊस’ आणि त्यातून निघालेल्या मालिका

१९६१ साली टोनी हॅनकॉकने आपल्या दोन लेखकांची साथ सोडली, तेव्हा ब्रिटनमध्ये त्याच्याइतका लोकप्रिय विनोदी नट शोधून सापडला नसता. रे गाल्टन आणि ॲलन सिम्पसन यांनी आधी रेडिओवर, मग टीव्हीवर वर्षानुवर्षं त्याच्यासाठी लिहिलं होतं. या दोघांची गाठ पडली ती सरे परगण्यातल्या मिलफर्डच्या क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियममध्ये, ऐन तरुणपणी. आता त्यांच्या हातात लेखणी होती, पण नट नव्हता.

बीबीसीच्या मनोरंजन विभागाचे प्रमुख टॉम स्लोन यांनी त्यांना मोकळं रान दिलं. अर्ध्या-अर्ध्या तासाचे दहा भाग; विषय, पात्रं, नट सगळं तुमच्या मनासारखं. हीच ‘कॉमेडी प्लेहाऊस’. १५ डिसेंबर १९६१ ला पहिला भाग झाला, त्यात एरिक साइक्स होता. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी माणसं, आपल्या एकांकिकांसारखी. पुढच्या आठवड्यात ही पात्रं परत यायची नाहीत, म्हणून त्यांना सांभाळून ठेवायची गरज नव्हती. मला या कार्यक्रमाचं सगळं बळ इथे दिसतं.

५ जानेवारी १९६२ चा ‘द ऑफर’ हा भाग त्याचा पुरावा आहे. लंडनमधले भंगारवाले बापलेक. म्हातारा बाप लेकाला सोडायला तयार नाही. लेकाला दुसरीकडे जायची संधी आलेली आहे. तो आपलं सामान हातगाडीवर रचतो, पण बाप घोडा देत नाही. मग तो स्वतःच गाडी ओढायला लागतो. गाडी जागची हलत नाही, आणि तो रडायला लागतो. लेकाचं काम करणारा हॅरी एच. कॉर्बेट हा दिग्दर्शिका जोन लिटलवुडच्या ‘थिएटर वर्कशॉप’ या नाटकमंडळीत घडलेला गंभीर नट, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. विनोदी नटांसाठी लिहीत आलेल्या लेखकांनी हे असं कधी पाहिलं नव्हतं. बापाच्या भूमिकेत विल्फ्रिड ब्रॅम्बेल होता.

स्लोन लगेच मालिका मागायला लागले. हॅनकॉकनंतर पुन्हा एकाच दावणीला बांधून घ्यायची लेखकांची इच्छा नव्हती. हे दोन्ही नट तयार झाले तर लिहू, असं त्यांनी सांगितलं, ते नाही म्हणतील या भरवशावर. दोघे तयार झाले. जून १९६२ पासून ‘स्टेप्टो अँड सन’ सुरू झाली आणि १९७४ पर्यंत तिचे भाग येत राहिले. १९६४ च्या निवडणुकीत मतदानाच्या दिवशी संध्याकाळी तिचा भाग लागणार होता. कामगार मतदार घरीच बसतील या धास्तीने मजूर पक्षाचे नेते हॅरल्ड विल्सन यांनी बीबीसीकडे शब्द टाकला आणि भागाची वेळ पुढे गेली.

पुढे इतर लेखकही आले. जॉनी स्पेट यांचा ‘टिल डेथ अस डू पार्ट’ १९६५ मध्ये इथेच प्रथम दिसला. त्यातल्या चिडखोर, वंशद्वेष्ट्या नायकाचं आडनाव तेव्हा रॅम्झी होतं. इंग्लंडच्या फुटबॉल प्रशिक्षकाचंही नाव ॲल्फ रॅम्झीच असल्याने मालिकेत ते गार्नेट झालं. अमेरिकेतली ‘ऑल इन द फॅमिली’ यावरूनच बेतलेली, आणि ‘सॅनफर्ड अँड सन’ ‘स्टेप्टो’वरून. कार्ला लेन यांच्यासारख्या लेखिकेलाही १९६९ मध्ये ‘द लिव्हर बर्ड्स’मुळे याच दारातून वाट मिळाली.

‘आर यू बीइंग सर्व्ह्ड?’ या मालिकेची कथा मात्र दुःखाला चिकटलेली आहे. सप्टेंबर १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकवर दहशतवादी हल्ला झाला, स्पर्धा थांबल्या, बीबीसीचं वेळापत्रक कोलमडलं आणि पडून असलेला तिचा पहिला भाग रिकाम्या जागी लावला गेला.

४ जानेवारी १९७३ ला रॉय क्लार्क यांचा यॉर्कशरमधल्या तीन रिकामटेकड्या मित्रांवरचा भाग आला. त्यातून झालेली ‘लास्ट ऑफ द समर वाइन’ २०१० पर्यंत चालली. मूळ ‘प्लेहाऊस’ मात्र १९७५ मध्येच बंद झाला होता. २०१४ मध्ये बीबीसीने ते नाव पुन्हा वापरलं, सुरुवातीला तीन भागांसाठी.