लघुप्रतिकृतींचे रंगकाम

लघुप्रतिकृतींचे रंगकाम : माणसे, प्राणी, वाहने, विमाने इत्यादींच्या ठरावीक प्रमाणात लहान केलेल्या प्रतिकृती साफ करून, जोडून रंगविण्याचा छंद व त्यातील तंत्रे. प्रतिकृती शिसे-कथलाच्या मिश्रधातूची, रेझिनची (साच्यात ओतून कठीण होणाऱ्या कृत्रिम राळेची) किंवा पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकची असते. रंगवून विकली जाणारी तयार खेळणी यात मोडत नाहीत.

छंदाचा उगम सामान्यतः जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथील कथलाच्या चपट्या सैनिकांपर्यंत नेला जातो. तेथील हिल्पर्ट घराण्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात असे सैनिक ओतून विकले आणि पुढील शतकाच्या मध्याच्या सुमारास हाइनरिक्सन यांच्या कारखान्यामुळे सुमारे ३० मिमी. ही उंची रूढ झाली. परंतु यांतील बरेचसे सैनिक मजुरीवर रंगवून घेतलेले असत. इंग्लंडमध्ये ब्रिटन्स कंपनीने १८९३ पासून काढलेले ५४ मिमी. उंचीचे पोकळ शिसे-सैनिकही रंगीतच मिळत. घेणाऱ्याने स्वतः जोडणे व रंगविणे हा निकष लावला, तर छंदाचा आरंभ सुट्या भागांच्या संचांपासून, म्हणजे ब्रिटनमधील फ्रॉग कंपनीच्या ‘पेंग्विन’ विमानांपासून (१९३६) धरणे अधिक सयुक्तिक ठरते. ते संच सेल्युलोज ॲसिटेटचे असल्याने कालांतराने वाकत. पॉलिस्टायरीन आल्यावर ही अडचण दूर झाली.

प्रमाणांमागे एकच एक तत्त्व नाही. १:७२ मध्ये सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो, हा हिशेब सरळ आहे. १:३५ चे तसे नाही. जपानच्या तामिया कंपनीने पँथर रणगाडा काढताना आत मोटार व दोन बॅटऱ्या मावतील एवढे आकारमान घेतले आणि नंतर मोजले असता हे प्रमाण निघाले, असे कंपनीकडूनच सांगितले जाते. टेबलावर प्रतिकृतींनी खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतील ‘२८ मिमी.’ हे तर प्रमाणच नव्हे. ती उंची काही जण डोक्यापर्यंत, काही डोळ्यांपर्यंत मोजतात, आणि हात व चेहरे मुद्दाम थोराड घडवलेले असतात.

पूर्वतयारी : संचातील भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तीतून कटरने कापून, साच्याच्या दोन अर्धुकांच्या सांध्यावर राहिलेली रेघ चाकूच्या धारेने खरवडून काढतात. ही रेघ राहिली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, कारण वॉश व ड्रायब्रश (दोन्ही पुढे पाहा) तीच नेमकी उठावदार करतात. रेझिनचे भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुतात. साच्यातून सुटावे म्हणून लावलेल्या द्रव्यावर रंग धरत नाही. रेझिन पॉलिश पेपरने घासताना पेपर ओला ठेवून मास्क लावतात, कारण त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. पॉलिस्टायरीनचा गोंद कडा विरघळवून एकजीव करतो. धातू व रेझिनवर त्याचा उपयोग नाही, तेथे फेव्हिक्विकच्या जातीचा सायनोॲक्रिलेट गोंद लागतो आणि जड धातूच्या हातापायांना आतून तारेची खुंटी द्यावी लागते. फटी इपॉक्सी पुट्टीने बुजवतात.

त्यानंतर प्रायमर, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून द्यायचे अस्तर. फवारणीचा डबा कोकणात पावसाळ्यात वापरल्यास पृष्ठभाग दुधाळ होऊ शकतो, तर विदर्भाच्या उन्हाळ्यात थेंब पोहोचण्यापूर्वीच सुकून खरखरीतपणा येतो. अशा दिवसांत ब्रशने लावायचा प्रायमर बरा.

रंगाचे थर : ॲक्रिलिक रंग पातळ ताकाइतका करून, एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर देतात. मग खोबणींत उतरणारा पातळ गडद रंग (वॉश) आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिका रंग (ड्रायब्रश). हे सर्वत्र रूढ आहे. ते का करावे लागते, यावर मात्र मतभेद आहेत. ३० सेंमी.वरून पाहिलेली १:७२ प्रतिकृती म्हणजे सुमारे २१.६ मी. अंतरावरची मूळ वस्तू. म्हणून हवेमुळे फिके पडणारे रंग दाखवण्यासाठी मूळ छटेत पांढरा मिसळावा, असे एक मत. एवढ्या अंतरात हवा फारसे काही करीत नाही. दुसरे मत अधिक पटण्यासारखे आहे : प्रतिकृती लहान होते, पण खोलीतला दिवा तेवढाच राहतो. बोटभर सैनिकाच्या मानाने ट्यूबलाइट म्हणजे आभाळच, त्यामुळे घड्यांतील सावल्या पुसट होतात आणि त्या रंगाने भराव्या लागतात.

‘अचूक छटे’चा आग्रहही याच कारणाने फार ताणू नये. जर्मन सैन्याने फेब्रुवारी १९४३ मध्ये स्वीकारलेल्या गडद पिवळ्या रंगाबाबत (आरएएल या जर्मन रंगप्रमाणातील क्रमांक ७०२८) छांदिष्टांत अजून वाद आहे. कोणी तो हिरवट, कोणी तपकिरी मानतात. करड्या वाहनांवर हा रंग चढवताना तुकड्यांना तो घट्ट लगद्याच्या रूपात मिळे आणि पेट्रोल किंवा पाणी, जे हाती येईल ते मिसळले जाई. अशा रंगाला एकच छटा असण्याचा संभव कमी.

चेहऱ्यात अनेक जण डोळे आधी रंगवतात, म्हणजे ओघळ त्वचेच्या रंगाने झाकता येतो. पेणच्या गणेशमूर्तिकारांकडे क्रम सहसा उलटा असतो. डोळ्यांची आखणी शेवटी आणि मुरलेल्या हाताकडे. दिवाळीतील किल्ल्यांवरच्या मावळ्यांना याच तंत्रांतले पांढरे अस्तर आणि एक वॉश पुरेसा होतो. बारीक कामासाठी कोलिन्स्की (सायबेरियातील विझल जातीचा प्राणी) केसांचे ब्रश नावाजलेले आहेत. मुंगसाच्या केसांचे ब्रश विकणे वा बाळगणे भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे.

पाणचिठ्ठ्या (डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून उतरवायची छापील चिन्हे) चकचकीत वॉर्निशवर चिकटवतात, नाहीतर खाली हवा अडकून रुपेरी डाग दिसतात. मॅट वॉर्निश सर्वांत शेवटी. शिशाच्या जुन्या प्रतिकृती ओकच्या बंद कपाटात ठेवू नयेत. लाकडातून सुटणाऱ्या ॲसिटिक अम्लाच्या वाफांनी शिशावर पांढरी भुकटी धरते आणि ती रंगाखालूनही पसरते.