रोखे आणि ट्रस्ट : 'एक भाविक' कोण?

आमच्या नारायण पेठेतल्या मंडळाचा कार्यअहवाल छापायला जाण्याआधी खजिनदारकाका देणगीदारांची यादी माझ्याकडून तपासून घेतात. यंदा 'एक भाविक – ११,०००' या ओळीवर मी बोट ठेवलं. काका म्हणाले, "असेल कुणी. राजकीय पक्षांना देणगी द्यायचे तुमचे ते निवडणूक रोखे तरी काय वेगळे होते? आता ते बंद झाले आणि ट्रस्ट आले म्हणे. नुसती पाटी बदलली!"

पाटी बदललेली नाही, काका. उलट ट्रस्टचीच पाटी जुनी. इलेक्टोरल ट्रस्ट म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणारी संस्था. तिची योजना जानेवारी २०१३ची, रोख्यांची जानेवारी २०१८ची. दोन्हींत कंपनीचा पैसा कुणाच्या तरी हातून पक्षाकडे जातो, म्हणून गल्लत होते.

रोखा म्हणजे तुमचा 'एक भाविक'. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतून १,००० रुपयांपासून १ कोटीपर्यंतचा कागद घ्यायचा, पक्षाने तो १५ दिवसांत वटवायचा. कागदावर नाव नाही, पक्षावर नाव सांगायची सक्ती नाही. पण अंधार सगळ्यांना सारखा नव्हता, खरी मेख तिथेच. बँकेकडे खरेदीदाराची केवायसी होती. रोख्यावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, अतिनील प्रकाशातच उमटणारा क्रमांक होता. न्यायालयाने मागितली किंवा तपास यंत्रणेने गुन्हा नोंदवला, तर बँकेने माहिती द्यायची तरतूदही होती. तपास यंत्रणा कुणाच्या हाताखाली असतात हे पेठेत वेगळं सांगायला नको. आंधळा होता तो फक्त मतदार. त्यात २०१७मध्ये, कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी ही मर्यादाही काढून टाकलेली. म्हणजे तोट्यातली कंपनीही दानशूर!

१५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे सगळं रद्द केलं. कारण मतदाराचा माहितीचा हक्क. मार्चमध्ये बँकेने रोख्यांचे ते लपलेले क्रमांक दिले, तेव्हा कुठे देणारा आणि घेणारा जुळवता आले. सगळ्यात मोठी खरेदीदार निघाली एक लॉटरी कंपनी, फ्युचर गेमिंग : १,३६८ कोटी.

ट्रस्टचं तसं नाही. तिथे रोख रक्कम चालत नाही, पॅन लागतो. वर्षभरात जमलेल्या पैशातले किमान ९५ टक्के त्याच आर्थिक वर्षात पक्षांना वाटावे लागतात आणि निवडणूक आयोगाला अहवाल द्यावा लागतो. त्यात देणाऱ्यांची नावं असतात, घेणाऱ्या पक्षांचीही.

मग लपतं काय? समजा, पाच मंडळांनी मिळून एकच पावतीपुस्तक काढलं. वर्गणी कुणी दिली ते फळ्यावर, कुठल्या मंडळाला किती गेली तेही फळ्यावर. पण कोपऱ्यावरच्या सराफाचे पैसे कुठल्या मांडवात गेले, ते सांगा बरं! सगळं एकाच हौदात. टाटांच्या प्रोग्रेसिव्ह ट्रस्टसारखा एकाच उद्योगसमूहाचा हौद असला, तर निदान पाणी कुणाचं हे कळतं. अनेकांचा असला की अंदाजच बांधायचे.

काकांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, "तो भाविक म्हणजे आपला मांडववाला रे. पुढच्या वर्षीचं काम कुणाला द्यायचं, ते अजून ठरायचंय."