४,२९,४९,६७,२९७ (पाचवी फेर्मा संख्या)

२ च्या ३२व्या घातात १ मिळवून येणारी दहा अंकी संयुक्त संख्या. २ च्या १, २, ४, ८, १६ अशा दुप्पट होत जाणाऱ्या घातांत १ मिळवून येणाऱ्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या फेर्मा संख्यांच्या क्रमात तिचे स्थान त्यांच्या पाठोपाठ; गणना शून्यापासून होत असल्याने ती ‘पाचवी’ ठरते. आधीच्या सर्व मूळ संख्या आहेत. हिचे मात्र ६४१ आणि ६७,००,४१७ असे दोन मूळ अवयव पडतात.

या क्रमातील प्रत्येक संख्या मूळ असावी, असे फ्रेंच गणितज्ञ प्येअर द फेर्मा यांनी १६४० मध्ये गणितज्ञ फ्रेनिकल यांना कळवले. नेमकी सिद्धता हाती नसल्याचेही त्याच पत्रात आहे. १६५९ मध्ये गणितज्ञ कार्काव्ही यांना पाठवलेल्या पत्रावरून, पुढे सिद्धता मिळाल्याची त्यांची समजूत झाली होती, असे काही अभ्यासक मानतात. तो मजकूर त्रोटक असल्याने हा अर्थ जपूनच घ्यावा. ६४१ त्यांच्या नजरेतून सुटला कसा, हा प्रश्न अधिक अवघड. २ च्या ३७व्या घातातून १ वजा केल्यास येणाऱ्या संख्येचा २२३ हा विभाजक त्यांनी १६४० मध्येच शोधला होता आणि संभाव्य विभाजकांचे रूप आधी ठरवून मोजकेच भागाकार करण्याची तीच रीत येथेही चालली असती. आकडेमोडीत चूक झाली व ती पुन्हा तपासली गेली नाही, हे स्पष्टीकरण त्यातल्या त्यात पटण्याजोगे आहे.

गणितज्ञ गोल्डबाख यांनी १७२९ मध्ये गणितज्ञ ऑयलर यांचे लक्ष फेर्मा यांच्या या विधानाकडे वेधले. ऑयलर यांनी ६४१ हा विभाजक १७३२ मध्ये मांडला. तो लेख छापला गेला १७३८ मध्ये, म्हणून संदर्भग्रंथांत दोन्ही वर्षे आढळतात. रीत मात्र त्यात दिलेली नाही. मूळ विभाजक ६४क + १ (क ही पूर्ण संख्या) या रूपाचाच असला पाहिजे, हे दाखवणारा त्यांचा लेख १७५० मध्ये प्रसिद्ध झाला. या रूपातील मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा येतात, म्हणजे पाचव्या भागाकारातच उत्तर मिळते. १७३२ मध्ये हा नियम त्यांना ठाऊक असावा, असा तर्क यावरून करतात. ६७,००,४१७ ही मूळ संख्या असल्याचे त्यांनी कोठे स्पष्ट म्हटल्याचे दिसत नाही. त्याच नियमाने सहा-सात भागाकारांत ते ठरले असते, हेही खरे. फ्रेंच गणितज्ञ ल्युका यांनी १८७८ मध्ये या नियमात ६४ च्या जागी १२८ आणून शोध आणखी आखूड केला.

भागाकाराविना पडताळा असा : ६४१ = ५ × १२८ + १ = ६२५ + १६. पहिल्या रूपावरून ६४१ ने (५ × १२८)चा चौथा घात वजा १ या संख्येला भाग जातो. दुसरे रूप २ च्या २८व्या घाताने गुणल्यास तोच चौथा घात अधिक २ चा ३२वा घात मिळतो. दोहोंची वजाबाकी म्हणजे प्रस्तुत संख्या.

फेर्मा यांच्या लघुप्रमेयानुसार, मूळ संख्येहून १ ने लहान घातांक घेऊन पायाचा (त्या संख्येने भाग न जाणाऱ्या) घात काढला, तर त्याला त्या मूळ संख्येने भागून बाकी १ उरते. २ हा पाया घेतल्यास ही कसोटी ही संख्या पार करते, म्हणजे संयुक्त असूनही ती आभासी मूळ संख्या आहे. ३ हा पाया घेतल्यास तिचे संयुक्तपण उघड होते. हिच्याहून २ ने लहान असलेली ४,२९,४९,६७,२९५ ही आधीच्या पाच फेर्मा संख्यांचा गुणाकार होय. पट्टी व कंपासाने रचता येणाऱ्या, विषम बाजूंच्या सुसम बहुभुजांपैकी आजवर ज्ञात असलेल्या सर्वांत मोठ्याच्या बाजू इतक्याच आहेत.